फजरचा रंग, असरची सावली



कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही वर्गात जा आणि मुलांना सांगा, "एक निसर्गचित्र काढा." पंधरा मिनिटांत चाळीस वह्यांमध्ये एकच चित्र तयार होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) मुलांचीही हीच तऱ्हा. वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतात, पण ते त्रिकोणी नाहीत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेल्या या काळ्या दगडाच्या डोंगरांचे माथे दस्तरखान अंथरावा तसे सपाट आहेत. दौलताबादच्या किल्ल्याचा सुळका तेवढा वेगळा. झाडे म्हणाल तर कडुनिंब, चिंच, बाभूळ. तरीही वहीत येतात ते त्रिकोणी डोंगर आणि नारळ.

मुलांना चित्र येत नाही असे नाही. चित्र त्यांना पाठ झालेले असते. पाढे म्हणावेत तसे ती निसर्गचित्र म्हणतात. आणि पाठ झालेल्या गोष्टीची एक गंमत असते, ती करताना खिडकीबाहेर बघावे लागत नाही.

गेले तीन हिवाळे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे रविवारी सकाळी काही मुली, दोन-तीन मुलींच्या आया आणि मी, असे आम्ही जलरंगात निसर्गचित्र शिकत आहोत. मी उर्दू आणि मराठीची शिक्षिका. चित्रकला हा माझा विषय नव्हे. पण या तीन वर्षांत ध्यानात आले की हा अभ्यास हाताचा कमी आणि डोळ्यांचा जास्त आहे. आपल्या घरांना तर तो फार जवळचा आहे, हे या महिन्यात सांगायचे आहे.

प्रकाशाचे चित्रकार

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक शब्द लिहिला, ‘इम्प्रेशनिझम’. मराठीत त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. एखाद्या क्षणी डोळ्यांना जे प्रत्यक्ष दिसले, तेवढेच आणि तसेच रंगवायचे.

याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. क्लोद मोने या चित्रकाराने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरावरची धुक्यातली पहाट रंगवली. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी स्वतःच भरवलेल्या प्रदर्शनात ते चित्र लागले, तेव्हा लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्याच्या ‘इम्प्रेशन’ या नावावरून सगळ्यांचीच थट्टा केली. थट्टेतले ते नावच पुढे मानाचे झाले. त्या प्रदर्शनात बेर्त मोरिझो ही स्त्री चित्रकारही होती आणि तिचा जलरंगांवर चांगला हात होता.

या चित्रकारांना उघड्यावर जाऊन काम करता आले, त्यामागे एक साधे कारण होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरून ठेवायची धातूची नळी, म्हणजे आपली ट्यूब, शोधली. त्याआधी तैलरंग घोटायचे, डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, असा खटाटोप होता. ट्यूब आली, रेल्वे आली आणि चित्रकार शेतात, नदीकाठी जाऊन बसू लागले.

मोनेने पुढे एक विलक्षण काम केले. १८९० आणि १८९१ मध्ये त्याने शेतातल्या गंजी रंगवल्या. आपल्याकडे कडब्याच्या असतात तशाच. गंजी त्याच, पण सकाळी, दुपारी, संध्याकाळी, बर्फात, उन्हात अशा त्याने पुन्हा पुन्हा रंगवल्या. १८९१ मध्ये त्यातली पंधरा चित्रे एकत्र मांडली. त्यानंतर रूआं शहरातल्या चर्चची दर्शनी भिंत तीसहून अधिक वेळा रंगवली. लोकांना प्रश्न पडला, याला दुसरा विषय मिळाला नाही काय? पण गंजी आणि भिंत हा त्याचा विषयच नव्हता. त्यांच्यावरून सरकत जाणारा प्रकाश हा विषय होता.

आपले घर प्रकाशावर चालते

सर हे सांगत होते तेव्हा आमच्यातल्या एक आपा हळूच म्हणाल्या, "सर, हे तर आमच्या घरी रोज चालते." सगळ्या हसल्या. पण बोलणे खरे होते.

विचार करून पाहा. घड्याळे आणि मोबाईल अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या दिवसाच्या पाच खुणा आकाशातल्या प्रकाशावरून ठरत आल्या आहेत. पहाटे आकाशात आधी एक उभा, निमुळता उजेड दिसतो आणि विरतो. ती सुबह काजिब, खोटी पहाट. मग क्षितिजावर आडवा पसरत जाणारा उजेड येतो. ती सुबह सादिक, खरी पहाट, आणि तिच्याबरोबर फजरची वेळ सुरू होते. उभा उजेड आणि आडवा उजेड यांतला फरक ओळखणारे डोळे आपल्या पूर्वजांकडे होते.

असरची वेळ तर सावलीच्या मापावर ठरते. भर दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की शाफई मतानुसार असर सुरू होते. आपल्या कोकणातल्या वाचकांकडे हाच हिशेब चालतो. मराठवाड्यात बहुतेक घरे हनफी, इथे सावली दुप्पट व्हावी लागते. मगरिब म्हणजे सूर्यास्त. आणि इशा? पश्चिमेची ‘शफक’ मावळली की इशा. ही शफक म्हणजे नेमके काय, यावर इमामांमध्ये चर्चा झाली. बहुतेकांच्या मते मावळतीची लाली, तर इमाम अबू हनीफा यांच्या मते लाली गेल्यावर उरणारी सफेदी. आकाशातली लाली कधी सरते आणि तिच्यामागची सफेदी किती वेळ राहते, हे बारकाईने पाहिल्याशिवाय ही चर्चा होऊच शकत नाही.

मोनेला जे सांगायला पंधरा चित्रे काढावी लागली, त्याचा पाया आपल्या घराघरात घातलेला आहे. अडचण एवढीच की आता आपण वेळ भिंतीवरच्या वेळापत्रकात बघतो, आकाशाकडे बघत नाही. जलरंगाचा अभ्यास तीच सवय परत आणतो.

चित्र काढावे की नाही?

हा प्रश्न आपल्याकडे येतोच आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. निसर्गचित्राबाबत मात्र एक रिवायत सहीह बुखारीत आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याची वाट दाखवली.

इतिहासातही याचा मोठा दाखला आहे. दमास्कसची उमय्या मशीद आठव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा वलीद यांच्या काळात बांधली गेली. तिच्या भिंतींवर रंगीत काचेच्या तुकड्यांनी केलेली विस्तीर्ण निसर्गदृश्ये आजही आहेत. सोनेरी आकाश, वाहती नदी, उंच झाडे, वाडे आणि पूल. त्यात ना माणूस आहे, ना प्राणी. म्हणजे निसर्गचित्र ही आपल्याकडे बाहेरून आलेली पाहुणी नाही.

आपल्यातलेच दोघे

मुलांना मी नेहमी दोन नावे सांगते. दोन्ही महाराष्ट्राशी जोडलेली आहेत.

पहिले नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. सुलेखनाची, हस्तलिखिते सजवण्याची परंपरा असलेल्या घरातला हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. तिथे त्या काळी ब्रिटिश पद्धतीचे काटेकोर चित्रण शिकवत. आबालाल कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय त्यांना मिळाला, आणि ते पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर, कोटितीर्थाच्या काठावर जाऊन बसू लागले. रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ हे त्यांचे गाजलेले चित्र. पाण्यावरचा, दगडावरचा, ढगांमागचा उजेड त्यांनी असा पकडला की त्यांच्यावर लिहिणाऱ्यांना हटकून दृक्प्रत्ययवादाची आठवण होते. १९३१ मध्ये ते गेले. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, त्या नावामागे उभ्या असलेल्या पहिल्या माणसांत हा मराठी मुसलमान चित्रकार आहे. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

दुसरे नाव सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, आजच्या मध्य प्रदेशातल्या जंगलाच्या मुलखात. वडील वनखात्यात नोकरीला. पण चित्रकलेचे शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईत जे. जे. मध्ये झाले. पुढे जगभर गाजलेली त्यांची ‘बिंदू’ची चित्रे अनेकांनी पाहिली असतील. त्यांची सुरुवात मात्र मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगांतल्या चित्रांपासून झाली. जगाच्या बाजारात ज्यांच्या चित्रांना कोट्यवधींची किंमत आली, त्यांचा पहिला अभ्यास म्हणजे कागद, पाणी आणि समोरचा रस्ता.

सामान थोडेच लागते

जलरंग म्हणजे बारीक दळलेला रंग आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडाचा. पाण्यात तो विरघळतो, कागदावर वाळला की रंग धरून ठेवतो. रंगाचा थर पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, म्हणून जलरंगाचे चित्र आतून उजळल्यासारखे दिसते. यामुळेच पांढऱ्या रंगाची ट्यूब लागत नाही. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. पोस्टर कलर वेगळे. ते झाकणारे असतात, या कामाला चालत नाहीत.

रंग सहा पुरतात. अल्ट्रामरीन ब्ल्यू, प्रशियन ब्ल्यू, क्रिमसन, लेमन यलो, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. काळा रंग विकत घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की सुंदर राखाडी मिळतो, दाट मिसळले की काळ्याच्या जवळ जातो. तयार हिरवाही नको. आपल्याकडचा हिरवा पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर पिवळट आणि धुळकट असतो. निळ्यात पिवळा घालून त्याला लालसर रंगाचा एक थेंब द्या, कडुनिंब बरोबर दिसेल.

ब्रश दोन. एक टोकदार गोल, आठ किंवा दहा नंबरचा, आणि एक इंचभर रुंद चपटा. दोन बरण्या पाणी, एक ब्रश धुवायला आणि दुसरी स्वच्छ पाण्याची. जुन्या ओढणीचा तुकडा.

कागदावर मात्र काटकसर करू नये. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो आणि मूल हिरमुसते. ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा. एका मोठ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले की महिनाभर पुरतात. कागदाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुलांना कागजीपुऱ्याचे नाव जरूर सांगा. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधले हे गाव शतकानुशतके हातकागद बनवणाऱ्या मुसलमान कागजींचे. इथला कागद दस्तऐवजांसाठी आणि हस्तलिखितांसाठी जात असे. कलम सरसर चालावी म्हणून तसा कागद घोटून गुळगुळीत करत. जलरंगाला उलट किंचित खरखरीत कागद लागतो, म्हणजे पाणी त्याच्या खाचांत थांबते.

आधी बघायचे

बसल्याबरोबर ब्रश उचलायचा नाही. डोळे अर्धवट मिटून समोर बघायचे. पाने, खिडक्या, तारा सगळे विरघळते आणि फक्त तीन गोष्टी उरतात. सर्वात उजळ काय, सर्वात गडद काय आणि मधले काय. हे तीन भाग पेन्सिलीने काडेपेटीएवढ्या चौकोनात मांडून घ्यायचे.

मग भोकाचा कागद. पांढऱ्या कार्डाला वाटाण्याएवढे भोक पाडायचे, कार्ड हात लांब करून धरायचे आणि त्या भोकातून एकेक जागा बघायची. भोकातून फक्त रंग दिसतो, वस्तू दिसत नाही. पांढरी म्हणून ओळखीची भिंत कधी निळसर निघते, कधी लिंबाच्या सालीसारखी. डांबरी रस्ता जांभळा निघतो. उन्हातल्या सावल्या निळसर असतात, कारण तिथे सूर्याचा थेट उजेड पोहोचत नाही, फक्त निळ्या आकाशाचा पोहोचतो. मुलांना हे सांगून पटत नाही. भोकातून दिसले की लगेच पटते.

मग पाण्याचे काम

जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जायचे असते, कारण गडद झालेले पुन्हा उजळ करणे अवघड. आधी चपट्या ब्रशने आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करायचा. क्षितिजाजवळ पातळ यलो ऑकर, वर निळा. कागद थोडा तिरका धरला की दोन्ही रंग आपोआप एकमेकांत उतरतात. इथे हात आवरायचा. पाणी आपले काम करत असते.

आकाश अजून दमट असतानाच लांबच्या डोंगरांचा फिका निळा-राखाडी रंग लावला की डोंगराची कड मऊ येते, धुक्यातली वाटते. आकाश पूर्ण वाळल्यावर लावला तर कड धारदार येते. लांबचे फिके आणि निळसर, जवळचे गडद आणि ऊबदार, हा नियम आपल्या डोंगरांवर फार छान दिसतो, कारण मधे हवा आणि धूळ असते.

झाडाची पाने काढायची नाहीत. झाडाचा एकूण आकार बघायचा. उजेडाच्या बाजूला पिवळ्याचे टिपके, सावलीच्या बाजूला निळ्याचे, मधे एखादी जागा कोरी. ओले असतानाच ते एकमेकांना जिथे भेटतात तिथे हिरवा तयार होतो. मोने आणि त्याचे सोबती हेच तैलरंगात तुटक फटकाऱ्यांनी करत. जलरंगात ते फटकारे आणि कोऱ्या जागा यांनी साधते.

सावल्या सगळ्यात शेवटी, एका दमात, पारदर्शक निळ्या-जांभळ्याने. त्यानंतर चार-पाच गडद ठिपके, खिडकी, बुंधा, माणसाऐवजी एखादी उभी सायकल. आणि थांबायचे. जलरंग बिघडतो तो बहुतेक वेळा न थांबल्यामुळे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ओला रंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून लावताना थोडा दाट लावावा. आणि अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो घासायला गेले की वाढतो, वाळू दिला तर कधी ढग म्हणून खपतो. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये कागद बघता बघता वाळतो, तेव्हा पहाटे बसावे आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा. नवशिक्यांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. हवेत धुके असते आणि कागद सावकाश वाळतो.

एका गच्चीवरची गोष्ट

आमच्या रविवारच्या वर्गात नववीतली एक मुलगी येते. तिच्या घराच्या गच्चीवरून बीबी का मकबरा दिसतो. शहजादा आझम शाहने आपल्या आईसाठी, दिलरस बानू बेगम यांच्यासाठी, सतराव्या शतकात बांधलेला. घुमट आणि खालचा काही भाग संगमरवराचा, बाकी दगडावर पांढरा गिलावा. त्यामुळे एकाच वेळी घुमट एका रंगाचा दिसतो आणि भिंत दुसऱ्या रंगाची, हे तिला त्या भोकाच्या कागदाने दाखवले.

तिने मगरिबनंतरचा मकबरा रंगवला. आकाश केशरी आणि मकबरा निळा. घरी दादीने बघितला आणि विचारले, "मकबरा तो सफेद है, बेटी. तू नीला कायकू करी?" मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नमाज झाल्यावर तिने दादीचा हात धरून तिला गच्चीवर नेले आणि कार्ड हातात दिले. दादीच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्याच वर्षी झालेले. तिने भोकातून पाहिले, कार्ड खाली केले, पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "पचास साल से देख री मैं. आज दिखा."

योगायोग म्हणजे मोनेलाही मोतीबिंदू झाला होता. १९१२ मध्ये निदान झाले आणि १९२३ मध्ये ऑपरेशन. त्या मधल्या वर्षांत त्याच्या चित्रांतले रंग लालसर, मातकट होत गेले. डोळा बदलला की जग बदलते, हे चित्रकाराला सगळ्यांच्या आधी कळते.

या गोष्टीत एक खरा पेच होता. वडिलांनी ठरवले होते की नववीनंतर हे रंगकाम बंद. दहावीचे वर्ष, मुलीची जात, आणि भावाच्या शिकवणीचा खर्च. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. मी त्यांना एवढेच सांगितले की शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण मिळतात, आणि पुढे बारावीनंतर बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी असते. आपल्याच शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, मुलीला गाव सोडून जावे लागत नाही. कला शिक्षिकेची नोकरी हाही एक रस्ता आहे.

ते ऐकून घेत होते, पण बोलल्या त्या दादी. "फीस मैं देती," म्हणाल्या. इंटरमिजिएटचा अर्ज भरला गेला. बारावीनंतरचे अजून ठरलेले नाही. त्याला अजून वेळ आहे. त्या घरात आता निदान प्रश्न उघडा आहे, आधी तो बंद होता.

मुलींचे रंग दहावीत का वाळतात?

पाचवी-सहावीपर्यंत आपल्या मुली भरभरून चित्रे काढतात. मेहंदीचा कोन तर लहानपणापासून हातात असतो, रेषेवर ताबा असतो. मग हळूहळू वह्या माळ्यावर जातात, रंग वाळतात. कोणी मनाई केलेली नसते. घरात कोणी विचारत नाही, एवढेच पुरते. मुलगा क्रिकेटला गेला तर तो खेळायला गेला, मुलगी रंग घेऊन बसली तर ती ‘रिकामी’ बसली.

आबालाल रहिमान यांच्याबद्दल कोल्हापुरात एक आठवण सांगितली जाते. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, त्यानंतर खचलेल्या आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ज्या पाण्याचा उजेड रंगवला, त्याच पाण्यात. मला ही आठवण ऐकताना नेहमी वाटते, कदर करणारे एक माणूस गेले आणि एवढे काम निराधार झाले. मोठ्या चित्रकाराची ही गत, तर नववीतल्या मुलीचे काय? तिला महाराज नकोत. घरातले एक माणूस हवे, जे चित्र हातात घेऊन विचारेल, "हा रंग इथे कसा आला?"

या महिन्याचा गृहपाठ

हा सगळ्या घराने मिळून करायचा आहे. एक जागा निवडा. गच्चीवरून दिसणारी मशिदीची कमान, शेजारचा चिंचेचा शेंडा, पाण्याची टाकी, काहीही. शहरात असाल तर सलीम अली सरोवराचा काठ किंवा पाणचक्कीचा हौद निवडा. पाण्यातल्या प्रतिबिंबाची एक खूण सांगते. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे फिके असते आणि उजळ वस्तूचे थोडे गडद. बघून खात्री करून घ्या.

त्या एकाच जागेची पोस्टकार्डाएवढी चार चित्रे काढा. फजरनंतर, जोहरला, असरला आणि मगरिबनंतर. इशाला अंधार असतो, तेव्हा नुसते बघा, शफक कधी मावळते ते. प्रत्येक चित्राला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. चार दिवसांत मिळून केले तरी चालेल. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचे नाव लिहा. अम्मीने काढले असेल तर अम्मीचे नाव.

मग चारही चित्रे एका ओळीत भिंतीला लावा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला न सांगता विचारा, कोणते कोणत्या वेळेचे? बरोबर ओळखले तर चित्र जमले.

नंतर ती काढून फेकू नका. एका फाईलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी ते झाड तिथे नसेल, समोर इमारत उभी असेल. त्या सकाळी तिथे कसा उजेड होता, हे सांगणारा तेवढा एकच कागद तुमच्या घरात असेल.

अल्लाहने दिलेल्या डोळ्यांचा शुक्र अदा करण्याचे अनेक मार्ग आहेत. नीट बघणे हा त्यातला एक आहे. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, दुसऱ्या विषयासह भेटू. खुदा हाफिज.